पट्टी भरेपर्यंत

सोमवार, ४

दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, रोजचं लिहून ठेवा. काय खाल्लं, किती खाल्लं, हात हलला का. डॉक्टरांना दाखवायला बरं पडतं. म्हणून ही वही आणली. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर सामानाच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. पहिल्या दोन पानांवर ह्यांचं खाणंपिणं लिहिलं आणि तिसऱ्या पानावर माझंच रडगाणं सुरू झालं. असू दे. डॉक्टरांसाठी वेगळी वही करीन.

सकाळी दुधात भिजवलेली बिस्किटं, अर्धी वाटी. डावा हात चालतो. उजवं अंग लाकडासारखं. तोंडातून फक्त 'आं' निघतं. पाणी हवं तरी आं, नको तरी आं. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्ताची गाठ अडकली होती, आत किती कळतंय ते आत्ताच सांगता येणार नाही. चौतीस वर्षांचा माणूस. आमची पोर, चिमणी, तर अजून नीट उभी पण राहत नाही.

दुपारी नाचाच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या क्लासच्या कार्यक्रमाचं शूटिंग ह्यांनीच केलं होतं. तीन कॅमेरे, तीन तास. ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्या पोरींचे आईबाप जमणार आणि पडद्यावर बघणार. बाई म्हणाल्या, "तुमच्यावर काय वेळ आलीय ते मला कळतं गं. पण त्यातली एक पोरगी आता नाचणार नाही, पाय मोडलाय. तिचा तो शेवटचा नाच आहे. मी दुसऱ्या कोणाकडे जाऊ?"

मी म्हटलं, देते. का म्हटलं मलाच माहीत नाही.

मंगळवार, ५

सगळं शूटिंग जोडून झालेलं आहे. हे पडले त्या दिवशी सकाळीच म्हणाले होते, "झालं बघ, आता फक्त दळायला टाकायचं." त्याला एन्कोड म्हणतात. पण मला समजावताना हे म्हणायचे, शूटिंग म्हणजे दाणे, कॉम्प्युटर म्हणजे गिरणी. सगळं दळून त्याची एक फाइल होते. हिरवं बटण दाबायचं, खाली पट्टी भरत जाते, भरली की पीठ तयार. तेवढं मला येतं. चिमणी व्हायच्या आधी, ह्यांना जेवायला उशीर व्हायचा तेव्हा मीच पट्टीवर लक्ष ठेवायचे.

आमची एकच मोठी खोली. मधे कापडी पडदा, अलीकडे आम्ही, पलीकडे मशीन. ह्यांची खुर्ची मशीनजवळच ठेवते, कारण उजेड तिथेच येतो. चिमणी दुपारी झोपली तशी बटण दाबलं. आईशप्पथ, काय घोंगावतं ते! पंखे सुटले की विमान उडतंय असं वाटतं. चिमणी दचकून उठली. हे काम करायचे तेव्हा आम्ही दोघी शेजारणीकडे जायचो, म्हणून चिमणीला हा आवाज माहीत नव्हता, आणि मी विसरलेच होते. आता ह्यांना टाकून जाणार कुठे? मग चिमणीची जाड दुलई मशीनच्या डब्यावर नीट चारी बाजूंनी घातली. आवाज एकदम बसला. पोरगी झोपली. मला माझंच कौतुक वाटलं.

पट्टी चौथा हिस्सा भरली आणि स्क्रीन काळा. मशीनच बंद. मला वाटलं माझा हात कशाला लागला. परत लावलं. परत तसंच.

ह्यांना थंडी वाजत असेल म्हणून शाल घातली होती, ती त्यांनी डाव्या हाताने काढून खाली टाकली. मी परत घातली. परत टाकली. तीनदा. असं कधी करत नाहीत.

बुधवार, ६

फुंकणी आला होता. हा ह्यांचा मित्र, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. काहीही बिघडलं की आधी उघडून फुंकर मारतो, म्हणून ह्यांनी त्याचं नाव फुंकणी ठेवलंय. आता तर त्याने हवा मारायचं यंत्रच घेतलंय.

तो यायच्या आधी मी घर आवरलं. दुलई घडी करून कपाटात, ह्यांचे केस विंचरले. परका माणूस नाही, पण पसारा बघून म्हणेल हिला झेपत नाही.

त्याने डबा उघडला. "वहिनी, ह्यात तर उशी भरता येईल एवढी धूळ आहे."

"मग भरून द्या भाऊजी, एक उशी कमीच आहे घरात."

खूप दिवसांनी कोणीतरी हसलं. त्याने फुंकून साफ केलं, तारा दाबून बसवल्या. ह्यांच्याकडे मात्र बघत नव्हता. जाताना दारात म्हणाला, "मला त्याच्याशी काय बोलावं तेच सुचत नाही वहिनी."

मी म्हटलं, मला तरी कुठे सुचतं.

गुरुवार, ७

चिमणी झोपली, बटण दाबलं, दुलई घातली. बंद. धुळीचं कारण नव्हतं म्हणजे.

हे खुर्चीतून पुढे वाकून टेबलाला हात मारत होते. पडले असते. घाबरून मी खुर्ची ओढून पार कोपऱ्यात नेली. तर 'आं आं' करून एवढा दंगा केला, आणि शाल परत जमिनीवर. मी रागावले. तुम्हाला माझ्या हातचं काहीच नको का, असं बोलले. लहान पोरासारखं रागावते मी त्यांना आणि मग मला माझी लाज वाटते.

रविवार, १०

ताई आल्या. ह्यांच्या मोठ्या बहीण. आई गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलं, त्यामुळे त्यांचा शब्द ह्या घरात आईचाच. बहिऱ्याशी बोलावं तसं ह्यांच्या कानाशी ओरडल्या, "कसा आहेस रे?" हे बघत राहिले. ताई माझ्यापाशी येऊन ओट्याला धरून रडल्या. मग तोंड धुऊन परत ह्यांच्यापाशी जाऊन बसल्या आणि बोलायला लागल्या.

"एक संस्था बघून आलेय. नर्स आहेत, रोज अंग पुसतात. तू पोरीला घेऊन तुझ्या आईकडे जा."

"मी करीन ताई त्यांचं."

"काय करशील? वय काय तुझं, शिक्षण काय तुझं! त्याला काही कळत नाही गं, दगड झालाय माझा भाऊ. दगडापाशी बसून जन्म काढणार का?"

"त्यांचं काम मी चालवीन."

ताई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "ते मशीन? बरं. नाचाच्या बाईंचं एवढं एक काम पुरं करून दाखव. मग मी परत हा विषय काढणार नाही. नाहीतर पंचवीस तारखेला, सोमवारी, गाडी घेऊन येते."

हे सगळं ह्यांच्यासमोरच. ह्यांचे डोळे ताईंच्या चपलांवर होते.

सोमवार, ११

फुंकणी मशीन दुकानात घेऊन गेला. घरात ती जागा रिकामी दिसते. हे दिवसभर शांत. शाल घातली ती तशीच राहिली. मला वाटलं, चला, राग गेला.

बुधवार, १३

मशीन परत आलं. फुंकणी म्हणतो, "दिवसभर फुल लोडवर ठेवलं वहिनी, एक शिंक नाही दिली." तरी त्याने प्रोसेसरवरचा मलम बदलला. असा मलम असतो म्हणे, तापू नये म्हणून. मी म्हटलं, थोडा ठेवून जा, मला डोक्याला लागेल.

त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा लावून दिला. तो किती तापलंय ते सांगतो. सत्तरपर्यंत ठीक, नव्वदच्या वर गेला की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं.

तो गेला, चिमणी झोपली, मी लावलं. दुलई घातली आणि आकड्याकडे बघत बसले. साठ. बहात्तर. एक्क्याऐंशी. देवाचं नाव घेत होते. एक्क्याण्णवला काळोख.

फोन केला तर फुंकणी म्हणाला, "असं कसं? माझ्याकडे सत्तरच्या वर गेलंच नाही. घरची लाइन खराब असेल."

शाल टाकली. चारदा. शेवटी मीच नाही उचलली.

गुरुवार, १४

फुंकणीने पॉवर सप्लाय बदलला. दुसऱ्या भिंतीतल्या सॉकेटमधून वायर आणली. तो असताना दहा मिनिटं छान चाललं. चिमणी त्याच्या अवजारांशी खेळत होती. तो गेला. दुपारी बंद.

मग एक झालं ते लिहिते. कोणाला तरी सांगायलाच हवं आणि सांगायला कोणी नाही.

मी ह्यांना भरवत होते. हे सारखे मान वळवून मशीनकडे बघत होते आणि डाव्या हाताने शाल ओढत होते. हात लागून वाटी उडाली. सगळं माझ्या अंगावर, जमिनीवर. चिमणी त्यात हात घालून खिदळत होती. माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "तुम्ही त्याच दिवशी गेला असतात तर एकदाच रडून मोकळी झाले असते मी. हे रोजचं मरण तरी नसतं."

मोठ्याने बोलले. मग फरशी पुसली. बरं झालं त्यांना कळत नाही.

शनिवार, १६

हे जेवत नाहीत. तोंडच उघडत नाहीत. काल दोन चमचे, आज एक. सिस्टरना फोन केला, त्या म्हणाल्या नवीन गोळीने भूक मरते कधी कधी. पाणी पाजत राहा.

दुपारी मशीन लावलं. आज शाल टाकली नाही. गुणी बाळासारखे बसले, भिंतीकडे तोंड करून. मशीन मात्र बंद पडलंच.

मंगळवार, १९

परत बंद. मी आता रडत पण नाही. आधी वाटायचं माझ्या हातून चुकतंय, आता वाटतं हे मशीन ह्यांच्याशिवाय चालायचंच नाही. फुंकणी म्हणतो, असं काही नसतं वहिनी, लोखंड आहे ते. पण दुकानात चालतं आणि माझ्या घरात मरतं, ह्याला काय म्हणायचं? माझ्याच घरात काहीतरी आहे.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, हातात चिमणी होती. ताई म्हणाल्या, "मग? काय ठरवलंस?" मी म्हटलं, न्या. गाडी घेऊन या सोमवारी. ताईंनी दोनदा विचारलं, नक्की ना. मला वाटतं, मी नाही म्हणेन अशी त्यांची आशा होती.

रात्री ह्यांचे कपडे एका पिशवीत भरले. निळा सदरा ठेवून घेतला. का ते माहीत नाही.

गुरुवार, २१

आज काय झालं ते जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करते. 

फुंकणी दुपारी आला. म्हणाला, "वहिनी, आज मी इथेच बसतो. बघू तरी माझ्या डोळ्यादेखत कसं मरतं." मी नेहमीसारखं आवरून ठेवलं होतं. त्याने बटण दाबलं आणि स्टुलावर बसला. चहा दिला. पट्टी भरत होती, आकडा सदुसष्ट. चिमणी जागी होती, तिचं चाललं होतं गोंगाटातच. पाव भाग झाला. अर्धा झाला. इतका कधीच झाला नव्हता.

फुंकणी म्हणाला, "घाबरतं मला. पोलीस आल्यावर चोर जसा शहाणा होतो, तसं."

तेवढ्यात चिमणी डोळे चोळायला लागली. मी तिला खांद्यावर थोपटून निजवलं. मग सवयीने कपाटातून दुलई काढली आणि डब्यावर घातली. चारी बाजूंनी नीट खोचली.

"वहिनी. हे काय करताय?"

"उठेल ना ती. आवाज केवढा येतो."

फुंकणीच्या हातातला कप तसाच राहिला. "रोज घालता?"

"झोपली की घालते."

तो कपाळावर हात मारून हसायला लागला. "अहो वहिनी! मी मलम बदलला, सप्लाय बदलला, वायरी बदलल्या... तुम्ही त्याला कोंडून मारताय! गरम हवा जाणार कुठून? माझ्या दुकानात कोण घालणार त्याला दुलई?" हसता हसता त्याला ठसका लागला.

आणि तेव्हा कोपऱ्यातून काहीतरी उडत आलं. ह्यांनी शाल टाकली होती. नुसती सोडली नव्हती, लांब फेकली होती. ती फुंकणीच्या पायाशी येऊन पडली. "आं!"

फुंकणी शाल उचलत म्हणाला, "ह्याला काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही हो. मशीन लावलं की टाकतात."

बोलले आणि माझंच मला ऐकू आलं.

फुंकणीने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. मग उठून हळूच डब्यावरची दुलई काढली आणि शाल ह्यांच्या खांद्यावर घातली. हे गप्प बसले. त्याने दुलई परत मशीनवर घातली. ह्यांनी डाव्या हाताने शाल धरली आणि खाली टाकली. ह्यांचे डोळे फुंकणीवर खिळले होते. भिंतीवर नाही, चपलांवर नाही.

"अरे लेका," फुंकणी म्हणाला, "अरे तू आत आहेस." आणि गुडघ्यावर बसून ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागला. मोठा माणूस असा रडताना मी कधी पाहिला नव्हता. ह्यांचा डावा हात त्याच्या डोक्यावर होता.

मी तिथेच उभी. दुलई कोणीतरी काढली, मीच काढली असेल. मशीन चालू राहिलं. मला पट्टी दिसत नव्हती. मला फक्त आठवत होतं, मधे काही दिवस त्यांनी शाल टाकली नव्हती. कोणत्या दिवसापासून टाकली नाही ते मला माहीत आहे. जेवण कधीपासून सुटलं ते पण.

गोळी नव्हती ती.

शनिवार, २३

पट्टी भरली. नाचाच्या बाई स्वतः येऊन घेऊन गेल्या. जायच्या आधी थोडं बघितलं, ती पाय मोडलेली पोरगी गिरक्या घेत होती. बाई उभ्याउभ्याच डोळे पुसत होत्या. मग ह्यांच्यासमोर जाऊन त्यांनी नीट सांगितलं, "फार सुंदर जोडलंयत हो तुम्ही." माणसाशी बोलावं तसं बोलल्या. आम्ही घरचे असून असं बोललो नाही.

फुंकणीने ह्यांना शिकवलंय. एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पाणी हवं? दोन. खिडकी उघडू? एक. चिमणीला मांडीवर देऊ? एक, लगेच.

मी सगळं विचारते. एक सोडून.

रविवार, २४

ताईंना फोन केला. गाडी आणू नका. काम झालं, आणि त्यांना कळतं.

"कळतं म्हणजे? किती कळतं?"

"सगळं कळतं ताई. पहिल्यापासून."

ताई म्हणाल्या, "मी त्याच्यासमोर... दगड म्हणाले गं मी त्याला." मी काय म्हणाले होते ते त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशीचं ते फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. आधी मला वाटायचं, मला एकटीलाच.

घरात आज फार शांत आहे. पूर्वी मी दिवसभर बडबडायचे, ह्यांच्याशी, भिंतीशी, भांड्यांशी. आता प्रत्येक शब्द तोंडातच राहतो. रडायला पण मोरीत जाऊन नळ सोडते.

दिवे लागायच्या वेळी खुर्ची परत मशीनजवळ आणली, होती तिथे. त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "त्या दिवशी मी बोलले ते ऐकलंत?"

एक बोट.

"तसं नव्हतं हो मनात. दमले होते मी. कळतंय ना तुम्हाला?"

हात मांडीवर होता. मी बोटांकडे बघत राहिले. एक पण उठलं नाही, दोन पण उठली नाहीत. हे माझ्याकडे बघत होते, आणि मला त्या नजरेतलं काही वाचता येत नव्हतं. सातवी शिकलेय मी. एवढं कुठलं येणार.

शाल घातली. राहिली.

मग वाटी आणली. चमचा पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. हात दुखायला लागला तरी खाली केला नाही.

संध्याकाळी अर्धी वाटी. तोंड स्वतः उघडलं.